तीन वर्षांची पदवी आणि परदेशातील मास्टर्स: मूल्यांकन सेवा कितपत कामी येतात?

तीन वर्षांची पदवी हाती असलेला विद्यार्थी परदेशातील मास्टर्सचा विचार करू लागला की त्याला पहिली धास्ती असते ती आपली पदवी तिथे पुरेशी धरली जाईल का, याची. या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या अनेक सेवा आज उपलब्ध आहेत. काही शुल्क घेतात, तर काही पूर्णपणे विनामूल्य आहेत. माझ्या स्वतःच्या अर्जांच्या वेळी आणि पुढे इतर विद्यार्थ्यांचे अर्ज तयार करताना मला यांतील प्रमुख सेवा जवळून पाहता आल्या. अर्जदाराची पदवी चार वर्षांची नसेल तर प्रत्येक सेवेचा नेमका किती उपयोग होतो, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगते. पदवी खरी आहे, ती मान्यताप्राप्त संस्थेची आहे आणि तिची पातळी अमुक आहे, हे या सेवा चोखपणे सांगतात. परंतु कमी वर्षांची अडचण ज्या कागदाने दूर होते, तो कागद यांपैकी एकही सेवा तयार करून देत नाही.

सेवांकडे वळण्यापूर्वी ‘कमी कालावधी’ म्हणजे काय, हे स्पष्ट असायला हवे, कारण ते पाहणाऱ्याच्या देशावर अवलंबून असते. अमेरिकेत पदवी चार वर्षांची आणि साधारण १२० सेमिस्टर क्रेडिटची असते. स्कॉटलंडमध्ये ऑनर्स पदवीला चार वर्षे लागतात, तर शेजारच्या इंग्लंडमध्ये तीच पदवी तीन वर्षांत मिळते. युरोपातील २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी १९९९ च्या जून महिन्यात बोलोन्या घोषणापत्रावर सह्या केल्या आणि पहिल्या पदवीचा कालावधी किमान तीन वर्षांचा असावा असे ठरवले; पुढे या पदवीसाठी १८० ते २४० ईसीटीएस (अभ्यासाचे काम मोजण्याची युरोपातील सामाईक पद्धत) क्रेडिटची चौकट रूढ झाली. म्हणजे तीन वर्षांची पदवी हा जगाच्या मोठ्या भागात अपवाद नसून नियम आहे. खुद्द अमेरिकेतही आता चार वर्षांच्या नियमाला बगल मिळू लागली आहे. २०२३ मध्ये तेथील वायव्य विभागाच्या मान्यता मंडळाने ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी-आयडाहो या संस्थेच्या ९० ते ९४ क्रेडिटच्या काही पदव्यांना मंजुरी दिली. तीन वर्षांच्या पदवीकडे उणीव म्हणून पाहण्याची सवय अर्जदाराने प्रथम सोडावी, असे मला मनापासून वाटते, कारण त्या सवयीपोटीच तो अनावश्यक सेवा विकत घेतो.

मात्र काही ठिकाणी एकूण शिक्षणाची वर्षेही मोजली जातात. इंग्लंडमधील विद्यार्थी शाळेची १३ वर्षे पूर्ण करून विद्यापीठात येतो, त्यामुळे तीन वर्षांची पदवी घेऊनही त्याची १६ वर्षे भरतात. जिथे शाळा १२ वर्षांची असते, तिथे हीच बेरीज १५ होते. जपानमध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी १६ वर्षांचे शिक्षण हा जुना निकष आहे, पण ज्यांचे शिक्षण त्या साच्यात बसत नाही त्यांच्यासाठी विद्यापीठाने स्वतंत्र पात्रता-तपासणी करण्याची सोयही तिथे आहे. ही तपासणी बहुधा मुख्य अर्जाच्या आधी होते आणि तिची मुदत वेगळी असते. शिक्षणाची वर्षे कमी पडणाऱ्या अर्जदाराने म्हणूनच मुख्य मुदतीइतकेच या आधीच्या मुदतीकडे लक्ष द्यावे.

आता सेवांविषयी. सर्वांत परिचित नाव अर्थातच डब्ल्यूईएसचे, म्हणजे वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेसचे आहे. ही ना-नफा संस्था १९७४ पासून काम करत असून तिचे अहवाल प्रामुख्याने अमेरिका आणि कॅनडासाठी वापरले जातात. तिच्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे अहवाल मिळतात. पहिल्यात फक्त पदवीची समतुल्यता सांगितलेली असते. दुसऱ्यात प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट, त्याची अमेरिकी श्रेणी आणि एकूण सरासरी दिलेली असते. कमी कालावधीच्या पदवीसाठी पहिला प्रकार मी कोणालाही सुचवणार नाही. त्यातील समतुल्यतेची एक ओळ अनुकूल आली तर उत्तमच, पण प्रतिकूल आली तर वाचणाऱ्या प्रवेश अधिकाऱ्यासमोर दुसरे काहीच उरत नाही. विषयवार अहवालात निदान अर्जदाराने काय शिकले आहे हे दिसते, आणि पदवी ‘तीन वर्षांचे पदवीपूर्व शिक्षण’ अशी नोंदली गेली तरी त्यातील गणित, संख्याशास्त्र किंवा अर्थशास्त्राचे क्रेडिट झाकले जात नाहीत.

डब्ल्यूईएसची मला आवडलेली बाजू म्हणजे ती केवळ वर्षे मोजून थांबत नाही. भारतातील तीन वर्षांच्या पदवीबाबत तिचे धोरण असे आहे की पदवी प्रथम किंवा द्वितीय श्रेणीत मिळालेली असेल आणि ती देणाऱ्या संस्थेला नॅक या भारतीय मूल्यमापन परिषदेची ‘अ’ किंवा त्याहून वरची श्रेणी असेल, तर ती अमेरिकी पदवीच्या तोडीची धरली जाते. संस्थेची गुणवत्ता आणि विद्यार्थ्याची कामगिरी या दोन्ही गोष्टी वर्षांच्या बरोबरीने तोलणारा हा दृष्टिकोन मला न्याय्य वाटतो. मात्र हे एका संस्थेचे मत आहे, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत परदेशी पदव्यांना मान्यता देणारी कोणतीही मध्यवर्ती सरकारी यंत्रणा नाही. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या, मूल्यांकन संस्थांच्या नॅसेस या संघटनेच्या सदस्य संस्था स्वतंत्रपणे मूल्यांकन करतात आणि एकाच पदवीबाबत दोन संस्थांचे निष्कर्ष वेगळे असू शकतात. शिवाय हे सारे अहवाल सल्लावजा असतात. अंतिम निर्णय विद्यापीठाचा असतो आणि अनेक विद्यापीठे बाहेरचा अहवाल न मागता आपल्या प्रवेश कार्यालयातच पदवी तपासतात. त्यामुळे अहवालासाठी पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाला तो हवा आहे का, हवा असल्यास कोणत्या संस्थेचा आणि कोणत्या प्रकारचा हवा आहे, हे लेखी विचारून घेणे हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत फायद्याचा टप्पा आहे. ज्या विद्यापीठाचे धोरणच ‘चार वर्षांची पदवी अनिवार्य’ असे आहे, तिथे अनुकूल अहवालही बहुतेकदा दार उघडू शकत नाही, आणि ते एका साध्या ईमेलने कळते.

वेळेच्या बाबतीत या सेवेची मर्यादा तिच्या काटेकोरपणातून येते. गुणपत्रके मूळ विद्यापीठाकडूनच थेट जावी लागतात, त्यामुळे अहवालाला लागणारा खरा वेळ बहुधा आपल्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जातो. याबद्दल मूल्यांकन संस्थेला दोष देणे मला योग्य वाटत नाही. अर्जदाराच्या हातून आलेल्या कागदांवर तिने विश्वास ठेवला असता तर तिच्या अहवालालाही कोणी किंमत दिली नसती.

सर्वांत जास्त कौतुक मला करायचे आहे ते आनाबिनचे. परदेशी शिक्षणाची तपासणी करणाऱ्या जर्मनीच्या मध्यवर्ती कार्यालयाने चालवलेली ही माहिती-सूची विनामूल्य असून कोणीही ती पाहू शकतो. तिच्यात प्रत्येक देशातील संस्था आणि पदव्या स्वतंत्रपणे नोंदवलेल्या आहेत. संस्थेपुढे ‘एच प्लस’ असेल तर ती उच्च शिक्षण संस्था म्हणून मान्य आहे, ‘एच मायनस’ असेल तर मान्य नाही, आणि दोन्ही चिन्हे एकत्र असतील तर प्रत्येक प्रकरण वेगळे तपासावे लागते. पदवीच्या नोंदीत तिचा नियमित कालावधी आणि जर्मन पदवीशी असलेले तिचे नाते दिलेले असते. ते ‘अनुरूप’, ‘समतुल्य’ किंवा ‘सशर्त तुलनीय’ अशा अर्थाच्या शब्दांत मांडलेले असते. एकाच नावाची पदवी तीन आणि चार वर्षांच्या अशा दोन वेगळ्या नोंदींत सापडू शकते, म्हणून कालावधीचा रकाना वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. संकेतस्थळ जर्मन भाषेत आहे आणि त्याची शोधपद्धती जुनाट वाटते. सवय होईपर्यंत नवखा माणूस हमखास गोंधळतो. तरीही मूल्यांकन करणारे अधिकारी जी माहिती वापरतात, तीच अर्जदाराला कोणतेही शुल्क न भरता वाचता यावी, ही पारदर्शकता मला फार मोलाची वाटते. शुल्क आकारणाऱ्या कोणत्याही सेवेकडे जाण्यापूर्वी एक संध्याकाळ आनाबिनला द्यावी. जर्मनीला अर्ज करायचा नसला तरी आपल्या पदवीकडे बाहेरचा जाणकार कसा पाहतो, हे त्यातून समजते.

जर्मनीतील अनेक विद्यापीठांचे परदेशी अर्ज युनि-असिस्टमार्फत जातात. ही विद्यापीठांनीच स्थापन केलेली संस्था कागदपत्रे तपासते, गुणांचे रूपांतर करते आणि अर्ज पुढे पाठवते. प्रवेश द्यायचा की नाही, हे ती ठरवत नाही. काही विद्यापीठे तिच्याकडून फक्त प्राथमिक तपासणीचे प्रमाणपत्र मागतात आणि मुख्य अर्ज स्वतःच घेतात. गुणांचे रूपांतर ज्या सुधारित बव्हेरियन सूत्राने होते, ते सर्वांना माहीत असावे, कारण त्यामुळे आपले स्थान घरबसल्या कळते. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्या वजाबाकीला कमाल गुण आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांतील फरकाने भागायचे, आलेल्या उत्तराला तीनने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. १० पैकी ८ गुण असतील आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४ लागत असतील, तर उत्तर २.० येते, तिथे १.० सर्वोत्तम आणि ४.० जेमतेम उत्तीर्ण असते.

तीन वर्षांच्या पदवीधराला खरी अडचण मात्र या सूत्रात नसून क्रेडिटच्या बेरजेत येते, आणि हा भाग थोडा सविस्तर सांगायला हवा. जर्मनीत मास्टर्स पूर्ण होताना पदवी आणि मास्टर्स मिळून ३०० ईसीटीएस व्हावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. एका पूर्णवेळ वर्षाचे ६० क्रेडिट धरले जातात आणि प्रत्येक क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. तीन वर्षांची पदवी १८० क्रेडिटची धरली, तर १२० क्रेडिटचे, म्हणजे चार सेमिस्टरचे मास्टर्स तिला अगदी चपखल बसते. परंतु तीन सेमिस्टरचे, म्हणजे ९० क्रेडिटचे मास्टर्स २१० क्रेडिटची पदवी गृहीत धरून आखलेले असते, आणि एका वर्षाच्या मास्टर्सला तर २४० लागतात. असा अभ्यासक्रम लवकर संपेल म्हणून आकर्षक वाटतो, पण १८० क्रेडिटच्या अर्जदाराला त्यासाठी उरलेले ३० किंवा ६० क्रेडिट आधी किंवा सोबत मिळवावे लागतात. काही विद्यापीठे त्यासाठी जोड-सेमिस्टरची सोय करतात. काही तशी सोय न करता अर्ज बाद करतात. विद्यार्थ्याची तयारी तशी असेल तर एखाद्या प्रकरणात ३०० च्या अटीतून सूट देण्याची तरतूद जर्मन नियमांत आहे, हे फार थोड्या अर्जदारांना माहीत असते. कोणतीही मूल्यांकन सेवा ही सूट मिळवून देत नाही. ती मागावी लागते विभागाकडे, आणि तीही पुराव्यानिशी.

इथेच एका सार्वत्रिक गैरसमजाकडे लक्ष वेधावेसे वाटते. अनेक विद्यापीठांच्या तीन वर्षांच्या पदवीवर १२० ते १४० क्रेडिट छापलेले असतात आणि अमेरिकी पदवीही १२० क्रेडिटची असते, म्हणून दोन्ही सारख्याच असल्या पाहिजेत, असा तर्क अर्जांत वारंवार दिसतो. तो टिकत नाही, कारण क्रेडिट हे सर्वत्र समान असणारे माप नाही. मूल्यांकन करणारा आधी पूर्णवेळ वर्षाला त्या पद्धतीत किती क्रेडिट मिळतात हे पाहतो आणि मग त्या वर्षाला ६० ईसीटीएसशी किंवा सुमारे ३० अमेरिकी क्रेडिटशी जोडतो. त्यामुळे छापील आकडा १४० असला तरी हिशेब सामान्यतः १८० ईसीटीएस किंवा ९० अमेरिकी क्रेडिटच्या आसपास येतो. हे आधी ठाऊक असले की अहवाल पाहून धक्का बसत नाही आणि उद्देशपत्रात कमजोर युक्तिवादही केला जात नाही.

ब्रिटनच्या यूके एनिकबद्दल थोडक्यात सांगते. २०२१ पर्यंत यूके नॅरिक या नावाने ओळखली जाणारी ही संस्था तुलनीयतेचे प्रमाणपत्र देते आणि त्यात पदवी ब्रिटिश चौकटीत कोणत्या पातळीची आहे हे नमूद असते. सेवा नेटकी आहे. पण इंग्लंडची स्वतःची पदवी तीन वर्षांची असल्याने तेथील प्रवेशात कालावधीचा मुद्दा सहसा अडथळा ठरत नाही आणि विद्यापीठे परदेशी गुणांचे निकष आपल्या संकेतस्थळावर देशवार देतात. त्यामुळे मास्टर्सच्या अर्जासाठी विद्यापीठाने स्पष्टपणे मागितल्याशिवाय हे प्रमाणपत्र घेण्याचे कारण मला दिसत नाही.

परीक्षणाच्या सुरुवातीला ज्या कागदाचा उल्लेख केला, तो आहे विषयवार अभ्यासक्रमाचा तपशील: प्रत्येक विषयात कोणते घटक शिकवले, व्याख्याने आणि प्रात्यक्षिके किती तासांची होती, कोणती पाठ्यपुस्तके होती आणि परीक्षा कशी झाली. मूल्यांकन अहवालात विषयाचे फक्त नाव येते. ‘गणित २’ या नावावरून त्यात रेषीय बीजगणित होते की नाही, हे कोणालाही कळत नाही, आणि प्रवेश समितीला नेमके तेच पाहायचे असते. युरोपात पदवीसोबत मिळणारे, आठ भागांत मांडलेले डिप्लोमा सप्लिमेंट ही उणीव बरीच भरून काढते. ज्यांच्या विद्यापीठात असे काही मिळत नाही, त्यांनी हा तपशील विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्यासह तयार करून घ्यावा. माझ्या ओळखीच्या ज्या अर्जदारांना क्रेडिट कमी असूनही प्रवेश मिळाला, त्यांच्या अर्जांतील सर्वांत जाड भाग हाच होता.

वर्षांपेक्षा काय शिकले याला जास्त महत्त्व असते, याची खात्री पटवणारे उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. तिथे संशोधन विद्यापीठाची पदवी तीन वर्षांची, १८० ईसीटीएसची असते, तर उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठाची पदवी चार वर्षांची, २४० ईसीटीएसची. तरीही संशोधन विद्यापीठातील मास्टर्सला तीन वर्षांचा पदवीधर थेट जातो आणि चार वर्षांच्या पदवीधराला बहुधा आधी प्री-मास्टरचा, म्हणजे मास्टर्सपूर्व तयारीचा टप्पा पूर्ण करावा लागतो. एक वर्ष जास्त शिकूनही त्याला थांबावे लागते, कारण तिथे संशोधनपद्धती आणि सैद्धांतिक पाया यांचा विचार होतो. परदेशी अर्जदारालाही हाच न्याय लागू होतो, म्हणून प्री-मास्टरचा प्रस्ताव आला तर त्याला अपमान समजू नये. मात्र तो पूर्ण केल्यावर मास्टर्सचा प्रवेश निश्चित होतो का, आणि त्या काळात व्हिसा व शिष्यवृत्ती मिळते का, हे स्वीकारण्यापूर्वी विचारून घ्यावे.

खाजगी प्रवेश-सल्लागारांच्या सेवेबद्दल मी अधिक कठोर आहे. मी ज्या सल्ला-केंद्राची सेवा पाहिली, तिथे तीन वर्षांच्या प्रत्येक पदवीधराला एका वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा आधी करण्याचा सरसकट सल्ला दिला जात होता, मग त्याला जायचे असो इंग्लंडला, आयर्लंडला की अमेरिकेला. अमेरिकेतील काही विद्यापीठांसाठी असा डिप्लोमा खरोखर उपयोगी ठरतो, विशेषतः तो त्याच विषयातील असेल आणि पदवीइतक्याच मान्यताप्राप्त संस्थेचा असेल तर. पण जिथे तीन वर्षांची पदवीच नियमित आहे, तिथे जाणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष आणि पैसा यासाठी खर्ची घालणे मला अक्षम्य वाटते. चौथे वर्ष करायचेच असेल, तर ऑनर्सचे वर्ष किंवा आपल्याच विद्यापीठातील मास्टर्सचे पहिले वर्ष अधिक वजनदार ठरू शकते, कारण त्याचे क्रेडिट त्याच गुणपत्रक-पद्धतीत येतात. ऑस्ट्रेलियात तर ही रचनाच आहे: तिथे सामान्य पदवी तीन वर्षांची असते आणि ऑनर्स हे त्यानंतरचे स्वतंत्र वर्ष राष्ट्रीय चौकटीत एक पायरी वर धरले जाते.

नकार आला तर काय करायचे, याबद्दल या सेवांच्या माहितीपत्रकांत क्वचितच काही असते, म्हणून तेही इथे नोंदवते. ११ एप्रिल १९९७ रोजी लिस्बनमध्ये झालेल्या मान्यता-कराराने सहभागी देशांच्या यंत्रणांवर एक स्पष्ट जबाबदारी टाकली आहे: सहभागी देशातील पदवी नाकारायची असेल, तर आपल्या पदवीपेक्षा तिच्यात ठळक आणि महत्त्वाचा फरक आहे, हे नाकारणाऱ्याने दाखवायचे, अर्जदाराने साम्य सिद्ध करत बसायचे नाही. निर्णय वाजवी मुदतीत आणि कारणांसह द्यायचा आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवायची, हेही त्यात आहे. युनेस्कोने २०१९ मध्ये स्वीकारलेला आणि ५ मार्च २०२३ पासून अंमलात आलेला जागतिक करार हीच तत्त्वे युरोपाबाहेर नेतो, अर्थात ज्या देशांनी तो मंजूर केला आहे त्यांच्यापुरती. आपला आणि विद्यापीठाचा देश यांपैकी कोणत्या करारात आहे, हे आधी पाहावे. नुसता कालावधीचा फरक हा पुरेसा ठळक फरक ठरतो का, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यामुळे अर्जदाराला मिळतो, आणि तो प्रश्न विनम्रपणे, लेखी स्वरूपात, विषयवार अभ्यासक्रम जोडून विचारावा. कारण न देता आलेला नकार अशा पत्रानंतर फिरलेला मी पाहिला आहे. फिरला नाही तेव्हाही कोणते क्रेडिट कमी पडले याची नेमकी यादी हाती आली, आणि पुढच्या सत्राचा अर्ज त्या यादीवरूनच तयार करता आला.